गणपतीच्या स्पर्धेला टेनिसचा गेम कुठला?

सेक्रेटरी: गणेशोत्सवात क्लबहाउसच्या टीव्हीवर टेनिस गेमची डबल्स स्पर्धा आहे. गेम कुठला ते आज ठरवा. क्रिकेटचा विषय परत काढू नका 🙏

बी-५०४: टॉपस्पिन २के२५. २०२४ चा आहे, चारही ग्रँड स्लॅम आहेत, फेडरर आहे, सेरेना आहे. अजून काय पाहिजे?

सी-३०२: अरे, त्यात बटण दाबून नेमक्या वेळी सोडावं लागतं. जरा इकडेतिकडे झालं की बॉल गेला. म्हणून तर जॉन मॅकेन्रोच्या आवाजात शिकवणी दिलीये. स्पर्धेच्या दिवशी शिकवणी घेणार कोण? व्हर्च्युआ टेनिस ठेवा.

ए-२०३ काकू: तो कुठला?

सी-३०२: काकू, सेगा कंपनीचा. १९९९ मध्ये आर्केडला आला, २००० मध्ये सेगाच्याच ड्रीमकास्ट कन्सोलवर. आर्केडला लोक पैसे टाकून खेळणार, म्हणजे पहिल्या मिनिटात जमलं नाही तर दुसरं नाणं कोण टाकेल? बॉल येईल तिथे आधी पोचायचं, बटण धरायचं, दिशा द्यायची. लवकर पोचलात तर फटका जोरात, उशीर झाला तर खेळाडू आडवी उडी मारतो. झालं.

बी-५०४: त्या उड्यांना टेनिस म्हणतात? टॉपस्पिनमध्ये खेळाडू दमतो, दमला की चुकतो. ते खरं.

सी-३०२: खरंच आहे, एकट्याने घरी खेळायला मलाही तोच आवडतो. पण समोर माणूस बसला की व्हर्च्युआची गंमत बघ. दोघंही सगळे बॉल परत करतात, मग डावीकडे ओढायचं आणि उजवा कोपरा मोकळा झाला की तिकडे मारायचं. तो नेटवर आला की डोक्यावरून लॉब.

ए-२०३ काकू: यात सेरेना नाही का?

सी-३०२: २००१ च्या दुसऱ्या भागात आली, व्हीनससकट. पहिल्यात सगळे पुरुषच.

ए-२०३ काकू: वाटलंच 🙄

डी-६०१ काका: सुप्रभात 🌹 पिकलबॉल कोर्टाचं काय झालं?

सेक्रेटरी: काका, ते एजीएममध्ये. बरं, हा व्हर्च्युआ आत्ता मिळतो कुठे?

सी-३०२: माझ्याकडे पीएस३ (प्लेस्टेशन ३) वर चौथा भाग आहे, २०११ चा. त्यानंतर मोबाइलवरचा एक सोडला तर सेगाने या गेमचा गाशाच गुंडाळला. का ते देव जाणे.

ए-४०१: मुलांना तो बोलिंगचा मिनी गेम लावा ना! सर्व्हिस मारून पिना पाडायच्या. आम्ही कॉलेजात मॅच सोडून तेच खेळायचो 😄

सी-३०२: तो जुन्या भागांत होता गं. पण यातही मिनी गेम आहेत, मुलं खूश होतील.

बी-५०४: त्यात हात फिरवून खेळायचा मूव्ह कंट्रोलर पण चालतो ना?

सेक्रेटरी: मूव्ह अजिबात नाही. टीव्ही मेंटेनन्सच्या पैशातून आलाय. व्हर्च्युआ ४ फायनल. बी-५०४, तुझा टॉपस्पिन विसर्जनानंतरच्या रविवारी, १६ वर्षांवरच्यांसाठी. पीएस५ तू आणायचा.

बी-५०४: चालेल 👍

सी-३०२: पीएस३ चे कंट्रोलर माझ्याकडे तीनच आहेत. चौथा कोण देतंय?