शांतता समितीत तरुणांचा आवाज कसा पोहोचवावा?

प्रश्न (धुळे): ६ जानेवारी २०१३ रोजी हॉटेलच्या बिलाच्या वादातून धुळ्यात दंगल उसळली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जण गेले, तेव्हा मी सात वर्षांचा होतो. सणांपूर्वीच्या शांतता समितीच्या बैठकीत आम्हा मित्रांना बोलायचे आहे. सुरुवात कशी करावी?

उत्तर (अमळनेर): पोलीस ठाण्याला आधी लेखी विनंती द्या. तिथे बहुधा ज्येष्ठच बोलतात (आणि चहा होतो), म्हणून ‘एकोपा राखा’ असे मोघम न सांगता आपल्या गल्लीतील दिवे, मिरवणुकीची वेळ अशा नेमक्या मागण्या मांडा.

उत्तर (साक्री): १ जुलै २०१८ रोजी आमच्या तालुक्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षेकरी भटक्या समाजातील पाच निरपराधांना ठेचून मारले. त्यामुळे मोबाइलवरचा संदेश पुढे पाठवण्यापूर्वी पडताळणारा तरुणांचा गट मला भाषणांहून अधिक गरजेचा वाटतो.

उत्तर (जळगाव, वकील): अठरा वर्षांखालील पीडित वा साक्षीदार मुलाची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार मनाई आहे, अशा घटनांची चित्रफीत प्रसारित करताना हे पाळा. अशा गुन्ह्यांतील पीडितांना भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा) अर्ज करता येतो.