सांडलेल्या तेलाचं कूळ कसं ओळखतात?

शंकासुर_७: समुद्रात तवंग दिसला की तपासणीवाले बाटलीभर नमुना नेतात आणि ‘हे अमुक जहाजाचंच तेल’ असं सांगतात. हे माझ्या गळी उतरत नाही. कच्चं तेल म्हणजे शेवटी कार्बन आणि हायड्रोजनच ना? त्यातून महिनाभर उन्हालाटांचा मार खाल्ल्यावर ओळखण्याजोगं उरतं तरी काय?

गाळखडक: तेलाचे आलेख वाचणं हेच माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे जरा लांबण लावते. ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात, तेलाचं खुशाल शोधावं. ज्या जिवांपासून तेल बनलं, त्यांच्या काही रेणूंचे सांगाडे कोट्यवधी वर्षं जमिनीत शिजूनही मोडत नाहीत. आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनज्ञाने १९३४ च्या सुमारास तेलातली पॉर्फिरिनं (सजीवांच्या रंगद्रव्यांत असणारे वलयाकार रेणू) ओळखली आणि त्यांचं नातं हरितद्रव्याशी जोडलं, तिथून हे शास्त्र सुरू झालं.

आज आम्ही अशा सांगाड्यांपैकी, म्हणजे जैवचिन्हकांपैकी, मुख्यतः होपेन आणि स्टेरेन बघतो. होपेन येतात जिवाणूंच्या पेशीपटलांतून, स्टेरेन शैवालं आणि वनस्पतींच्या स्टेरॉलांतून. मास स्पेक्ट्रोमीटर म्हणजे रेणूंचे तुकडे करून त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र. त्यावर १९१ वस्तुमानाचा तुकडा लावला की होपेनची रांग दिसते, २१७ लावला की स्टेरेनची. ओलियानेन नावाचं जैवचिन्हक सापडलं तर मूळ गाळात सपुष्प वनस्पतींचा अंश होता, म्हणजे स्रोत खडक (ज्यात तेल बनलं तो) बहुधा क्रिटेशस काळातला (डायनासोरांच्या युगाचा शेवटचा टप्पा) किंवा त्यानंतरचा. गॅमासेरेन भरपूर असेल तर तो गाळ वरचं-खालचं न मिसळणाऱ्या, थर पडलेल्या, बऱ्याचदा खारट पाण्याखाली साचलेला.

राहिला लाटांचा मार. जिवाणू आधी सरळ साखळीचे अल्केन फस्त करतात, मग फांद्या असलेल्या साखळीचे प्रिस्टेन आणि फायटेन. होपेन, स्टेरेनकडे ते फार उशिरा वळतात. म्हणून आम्ही कुठलाच रेणू किती आहे ते बघत नाही, मार साधारण सारखाच सोसणाऱ्या शेजारशेजारच्या रेणूंचं एकमेकांशी प्रमाण बघतो.

भूविद्यार्थी: ताई, आम्हाला शिकवलंय की प्रिस्टेन-फायटेन गुणोत्तर एकपेक्षा बरंच कमी असेल तर प्राणवायू नसलेला तळ, तीनच्या वर गेलं तर जमिनीवरच्या वनस्पतींचा गाळ. मग तेवढ्यावर भागत नाही का?

गाळखडक: परीक्षेत भागतं! एकच गुणोत्तर जगातल्या कितीतरी तेलांचं सारखं निघतं, आणि खडक किती तापलाय त्यानुसारही ते सरकतं. अलास्काचं प्रकरण वाच. १९८९ मध्ये ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज तिथल्या प्रिन्स विल्यम साउंडमध्ये खडकावर चढलं. नंतर तिथल्या किनाऱ्यांवर डांबराचे गोळे सापडले, तेव्हा ते त्याच जहाजाचे असं कुणीही धरून चाललं असतं. पण कार्बनच्या समस्थानिकांनी, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणाने, घोळ उघड केला. हे प्रमाण ठरावीक मानकापेक्षा किती कमी-जास्त ते हजारांत मोजतात. जहाजातल्या तेलाचं मूल्य उणे २९ प्रति हजारच्या आसपास, आणि बऱ्याच गोळ्यांचं उणे २४ च्या जवळ. पाच एककांचा फरक उन्हापावसाने पडत नाही. जैवचिन्हकंही जुळली ती कॅलिफोर्नियातल्या मॉन्टरे खडकस्तराच्या तेलाशी. अलास्कात पूर्वी कॅलिफोर्नियाहून इंधन आणि डांबर येत असे. १९६४ च्या भूकंपात अलास्कातल्या व्हाल्डेझ गावातल्या टाक्या फुटल्या, आणि तो माल तेव्हाच पाण्यात गेला असावा असा संशोधकांचा तर्क आहे. मला हे प्रकरण फार आवडतं, कारण आमच्या कामात ‘जुळत नाही’ हे छातीठोकपणे सांगता येतं. ‘जुळतं’ म्हणताना मात्र जीभ अडखळते. एकाच खडकातून आलेली दोन विहिरींची तेलं जुळ्या भावंडांसारखी असतात.

शंकासुर_७: आता पटलं. पण सांडलं ते कच्चं तेल नसून डिझेल असेल तर?

गाळखडक: तर होपेनची रांग जवळजवळ कोरी दिसते. इतके जड रेणू शुद्धीकरणात डिझेलबरोबर येतच नाहीत. मग हलके सेस्क्विटरपेन आणि अडॅमँटेन बघावे लागतात. ते काम चिकट आहे, आणि संशयित टाकीतला नमुना शेजारी ठेवल्याशिवाय मी तरी सही करत नाही. नमुना काचेच्या बाटलीत घ्या. प्लास्टिकमधली रसायनं तेलात उतरतात आणि आलेखात नसते सुळके उभे राहतात.