पाखाडी उतरताना पाय चुकतो: अल्पदृष्टी असलेल्याला काठी कशी शिकवावी?

खाडीकाठ:
दापोली तालुक्यातल्या एका वाडीत ५२ वर्षांच्या गृहस्थांना काठीने चालायला शिकवायचं आहे. रेटिनायटिस पिगमेंटोसा (डोळ्याच्या पडद्याचा आजार), दृष्टिक्षेत्र, म्हणजे नजर न हलवता दिसणारा भाग, साधारण १५ अंश. दिवसा पेपर वाचतात, तिन्हीसांजेनंतर जवळजवळ काही दिसत नाही. घरापासून एसटीच्या थांब्याकडे जाताना आधी साठेक पायऱ्यांची जांभ्याची पाखाडी, मग डांबरी रस्ता. उंची १६५ सेंमी, शिबिरात मिळालेली घडीची काठी जेमतेम बेंबीपर्यंत. चढताना त्रास नाही, उतरताना दोनदा पाय चुकला. पायऱ्या मोजायला शिकवू का? शिवाय "दिसतंय की, मग काठी कशाला?" असं लोक म्हणतात, म्हणून काठी पिशवीतच राहते.

चिरेबंदी:
आधी काठी बदला. ती छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत यायला हवी, म्हणजे त्यांच्या उंचीला ४७-४८ इंची. आखूड काठीचं टोक पावलाजवळ पडतं, खड्डा कळेपर्यंत पाय त्यात गेलेला असतो. बारीक टोक जांभ्याच्या भोकांत अडकतं आणि मूठ पोटात बसते. जाड, फिरतं टोक घ्या.

काठी कशाला, याचं उत्तर गणितात आहे. १५ अंशांत स्वतःच्या पायाशी सुमारे ४० सेंमीचा गोल दिसतो, परातीएवढा. सहा मीटरवर तोच गोल दीड मीटरहून मोठा होतो. काठी नसली की माणूस परातीएवढ्या जमिनीकडे बघत चालतो आणि समोर उभी केलेली मोटारसायकल हुकते. जमीन काठीकडे सोपवायची, डोळे पाच-सहा मीटर पुढे ठेवायचे आणि डावीकडून उजवीकडे, मग वर-खाली असे ठरलेल्या क्रमाने फिरवायचे. हे त्यांना स्वतः मोजून दाखवा: जमिनीवर खडूने गोल काढा.

सपाटीवरचा सराव देवळाच्या सभामंडपात. डावा पाय पुढे तेव्हा टोक उजवीकडे, उजवा पुढे तेव्हा डावीकडे. टोकाचा फेर खांद्यांपेक्षा दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं रुंद, जास्त नको. इथे दहा-पंधरा मिनिटं डोळ्यांवर पट्टी बांधा. नाहीतर ते टोकाकडेच बघत राहतात आणि हात शिकत नाही. पाखाडीवर मात्र पट्टी अजिबात नको.

मोजणी सोडून द्या. पाखाडीची एक पायरी एका पावलाची, दुसरी अडीच पावलांची, एखादा चिरा खचलेला. आकडा मध्येच चुकला की शेवटच्या पायरीवर हमखास धडपड.

पऱ्यापलीकडे:
मोजणीबद्दल सहमत. उतरण्याबद्दल एक भर घालतो, कारण इमारतीच्या जिन्यावरची पद्धत इथे फसते. जिन्यावर काठी तिरकी धरून टोक खालच्या पायरीच्या कडेपुढे तरंगत ठेवतात. टोक टेकलं की जिना संपला. पाखाडीची पायरी लांब आणि उतरती असल्यामुळे टोक मध्येच टेकतं, माणसाला वाटतं सपाटी आली, आणि तो बिनधास्त पाऊल टाकतो. बहुधा ते दोनदा असेच चुकले असतील. पाखाडीवर टोक जमिनीवरून न उचलता सरकवत न्यायचं. टोक पडलं की थांबायचं, कडेशी पाय जुळवायचे, टोकाने खोली मापायची आणि मगच उतरायचं. वेळ दुप्पट लागतो, लागू द्या.

कडेला टोक घासत नेण्यासाठी गडगा (चिऱ्यांची बुटकी भिंत) उत्तम. त्यावर हात फिरवायला लावू नका, पावसाळ्यात चिऱ्यांच्या फटींत इंगळी असते.

पायरीच्या फक्त पुढच्या कडेला पाच सेंमीचा पांढरा पट्टा काढून घ्या. अख्खी पायरी रंगवली तर कड पुन्हा हरवते. साधा चुना पहिल्या पावसात धुऊन जातो आणि ओल्या जांभ्यावर ऑइलपेंट पापुद्र्याने सुटतो. एप्रिल-मेमध्ये, चिरा कोरडा असताना, आधी तारेच्या ब्रशने घासून मग रंगवा. शेवाळ काठीला कळत नाही, ते काढावंच लागतं.

खाडीकाठ:
तरंगत्या टोकाचं तंतोतंत जुळतंय, मी जिन्यासारखंच शिकवलं होतं. संध्याकाळी टॉर्च कुठला द्यावा? पावसात काठी, छत्री, टॉर्च, हात तीन कुठून आणायचे?

चिरेबंदी:
छत्री वगळा. पाऊस तिच्यावर वाजतो आणि मागून येणाऱ्या गाडीचा आवाज बुडतो. रेनकोट घाला, पण टोपडं कानावर ओढू नका. त्याऐवजी झापेची, म्हणजे कपाळापुढे पट्टी आलेली टोपी. दिवसा समुद्राकडून येणारी तिरीप अडते आणि लोंबती झावळी कपाळाआधी झापेला लागते, कारण काठी कमरेवरचं काही सांगत नाही. दिवा डोक्यावर नको, पावसाचे थेंबच चमकून डोळ्यांसमोर पडदा येतो. रुंद झोताचा दिवा कमरेच्या पट्ट्याला अडकवा, प्रकाश तीन-चार मीटर पुढे पडेल असा. उजेडातल्या खोलीतून थेट अंगणात उतरू नका, पडवीत दोन-चार मिनिटं थांबायला सांगा. तरी त्यांचे डोळे अंधाराला पूर्ण सरावत नाहीत, हे गृहीत धरा.

पऱ्यापलीकडे:
डांबरी रस्त्यावर उजवीकडून, समोरच्या गाड्यांकडे तोंड करून. काठीचं टोक डांबर आणि साईडपट्टी यांच्या सांध्यावर ठेवायचं. पावसाळ्यानंतर साईडपट्टी वाहून वीतभर खड्डा पडलेला असतो आणि गवताखाली गटार दिसत नाही, म्हणून ऑक्टोबरात हा टप्पा पुन्हा शिकवा. खुणाही तेव्हाच तपासा. पऱ्याचा (ओढ्याचा) आवाज पावसाळ्यात सगळीकडून येतो, त्यावर वळण ठरवू नका. रस्त्याखालची मोरी किंवा विजेचा खांब ही खूण धरा.

आणि वाडीतल्यांना सांगायचं तर, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० अंशांहून कमी, १० अंशांपर्यंतचं क्षेत्र म्हणजे अल्पदृष्टी. दिवसा पेपर वाचता येतो म्हणून १५ अंशांचे ४० होत नाहीत.