ट्रेलवरचे खरे नियम कोणते अन् नुसता तोरा कोणता?

फिटर_मास्तर

नमस्कार मंडळी. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो. वय ४४. दोन वर्षांपूर्वी एक जुनी हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली माउंटन बाइक) घेतली, २६ इंची चाकं, स्टीलची फ्रेम. हब खोलून छर्रे अन् ग्रीस बदललं, दोन्ही रिमचे आऊट काढले, केबली नव्या टाकल्या. तेव्हापासून रविवारी पहाटे नागपूरच्या काटोल नाक्यावरून निघणाऱ्या एका ग्रुपसोबत फेटरी-माहुरझरीच्या बाजूला ट्रेलवर, म्हणजे कच्च्या वाटांवर, जातो. आज लिहितोय ते मात्र एका पोरासाठी, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दिवाळीनंतरच्या रविवारी माझ्याच ट्रेडच्या पहिल्या वर्षाच्या पोराला सोबत नेलं. १७ वर्षांचा आहे, वाडीहून रोज सायकलने येतो. सायकल गिअरची, पण साधी. वडिलांनी दहावीनंतर घेऊन दिलेली. मडगार्ड, कॅरिअर, साइड स्टँड, घंटी, सगळं जागच्या जागी. आदल्या संध्याकाळी त्याने ती धुऊन पुसून ठेवली असणार, कारण नाक्यावरच्या दिव्याखाली तिचे स्पोकसुद्धा चमकत होते.

तिथे त्याच्या कानावर पडलेलं पहिलं वाक्य म्हणजे, "स्टँडवाली सायकल ट्रेलवर आणत नसतात." का आणत नसतात, हे कोणी सांगितलं नाही. एकाने त्याची घंटी वाजवून पाहिली अन् दोघं-तिघं हसले. पोरगा काही बोलला नाही, पण त्याचा हात घंटीवर गेला अन् तिथेच राहिला.

डांबरी रस्ता सोडून मुरमाच्या वाटेला लागलं की झुडपी जंगलातून एक चढ आहे, एका सायकलपुरताच रुंद. पोरगा सगळ्यात हलका गिअर टाकून, मान खाली घालून चढत होता, पण उतरला नव्हता. आमच्यातलेच एक जण वर पोचून पुन्हा मजेखातर खाली येत होते, ते "साइड! साइड!" ओरडत आले. पोरगा बिचकून डावीकडे वळला, तो थेट एका शेताच्या बाभळीच्या कुंपणात. वर पोचल्यावर वरून त्यालाच ऐकावं लागलं, "आपली लाइन धरून चालवत जा. एटिकेट असतात इथे."

पाच मिनिटांत मागचं चाक बसलं. ट्यूबला जुन्या पद्धतीची वाल, आतून रबरी नळी असलेली. ती पाहून एक जण म्हणाले, "आमचा पंप याला लागणार नाही," अन् सगळे पुढे चहाला निघून गेले. मी थांबलो. टायर उलटा करून आतून बोट फिरवलं. काटा बाहेरून तुटलेला होता, दिसत नव्हता, आत मात्र तिळाएवढं टोक बोटाला लागत होतं. पोराने ते नखात धरून, जॉब व्हाइसमधून काढावा तसं हळूच सरळ ओढून काढलं. पंक्चर काढलं. मग मी माझ्या पंपाचं प्रेस्टा, म्हणजे बारीक वालचं तोंड त्या जुन्या वालवर दाबून बसवलं, खटका वर केला अन् हवा भरली. हे तोंड त्या वालवर बसतं. "लागणार नाही" म्हणणाऱ्याने लावून पाहिलंच नव्हतं.

त्यानंतर पोरगा आलेला नाही. विचारलं की म्हणतो, "सर, अभ्यास आहे."

मला तुम्हा अनुभवी लोकांकडून एवढंच हवंय. ट्रेलवरचा कोणता नियम कशासाठी आहे, ते कारणासकट सांगा. मी वर्कशॉपमध्ये पोरांना गॉगल लावायला सांगतो तेव्हा ग्राइंडिंगची ठिणगी डोळ्यात गेली तर काय होतं तेही सांगतो. कारण न सांगता टोकलं की समोरच्याला फक्त आपण नको आहोत एवढंच कळतं.

पहाट_गोरेवाडा

मास्तर, सगळ्यात आधी चढाचं. त्या दिवशी चूक वरून येणाऱ्याची होती, पोराची तसूभरही नाही. चढणाऱ्याला वाट द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचं, हा जगभरचा नियम आहे. माउंटन बाइकवाल्यांची इम्बा ही अमेरिकेतली संघटना १९८८मध्ये झाली, तिच्या ट्रेलच्या नियमांतही तो आहे. कारण सोपं आहे. चढावर एकदा पाय टेकला की त्याच उतारावर पुन्हा पेडल मारून निघणं फार कठीण जातं. उतरणाऱ्याला ब्रेक दाबायचा अन् सोडायचा, एवढंच काम. हे त्या पोराला माझ्या नावाने सांगा. तो नियम पाळत होता अन् मोडणाऱ्याने त्याला नियम शिकवला, याचा मला राग आला आहे.

आता स्टँड. त्यात तथ्य आहे. साइड स्टँडची स्प्रिंग सैल असेल तर दगडांवर आपटून तो खाली येतो अन् वळणावर जमिनीत किंवा झुडपात अडकतो. मी एकाचं कॉलरबोन यात गेलेलं पाहिलं आहे. मुरमाच्या वाटेला काढून ठेवावा, परत आल्यावर लावावा. पण हे सांगायला दोन वाक्यं पुरतात. मडगार्डला काळ्या मातीत अडचण येते, चिखल टायर अन् मडगार्डच्या मध्ये ठासून बसतो अन् चाक जागचं हलत नाही. कोरड्या दिवसांत खुशाल असू द्या. घंटी मात्र काढू नका. माझ्या महागड्या सायकलवरही आहे. हेल्मेटवर तडजोड नाही, त्याला कोणी तोरा म्हणत असेल तर म्हणू द्या.

२६ इंची चाकांवरून तुम्हालाही कोणी काही बोललं असेलच. १९९६मध्ये अटलांटाला माउंटन बाइकिंग पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं, तेव्हा पदकं २६ इंची चाकांवरच जिंकली गेली. २९ इंची चाक खड्ड्यादगडांवरून जास्त सहज जातं, हे खरं आहे, मी स्वतः तेच चालवतो. पण त्याने माणूस वरच्या पंगतीत बसत नाही.

तुम्ही फिटर, म्हणून एक गोष्ट खास तुमच्यासाठी. या खेळाची एक जुनी शर्यत कॅलिफोर्नियात मरिन काउंटीच्या डोंगरावर १९७६मध्ये सुरू झाली. तिथली पोरं दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या जड, फुग्या टायरच्या सायकली जमवून, दुरुस्त करून उतारावर सोडायची. ब्रेक मागच्या हबमध्ये, उलटं पेडल मारायचं तो. तीन किलोमीटरच्या आसपासच्या वाटेत जवळपास ४०० मीटर उतार. खाली पोचेपर्यंत हब एवढा तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचा. मग हब खोलून पुन्हा ग्रीस भरायचं, म्हणून शर्यतीचं नावच रीपॅक पडलं. तुमच्या वर्कशॉपमधली पोरं त्या टोळक्यात पहिल्या दिवशी सामावली असती.

अन् एक नियम आपल्या भागाचा. काटोल रोडवर जुनापाणीला सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत, माहुरझरीलाही आहेत, लोहयुगातल्या लोकांची दफनं. मधल्या उंचवट्यावरून सायकल उडवायला लोकांना मजा येते. ते कोणाचं तरी थडगं आहे. तिथे सायकल बाहेर ठेवून पायी फिरायचं. यावर मी कोणाचंही ऐकून घेत नाही.

पांदणवाला

राम राम मास्तर. माहं वावर तिकडंच आहे, फेटरीच्या पुढं. तुमी लोकं ज्याले ट्रेल म्हणता नं, ते आमची पांदन व्हय. माह्या आजाच्या काळापासून त्यातून बंडी चालते. तुमी या, आमाले काई अडचन नाई. पन तुमच्या नियमाईत आमी कोठी दिसत नाई, म्हनून सांगतो.

पावसाळ्यात पांदनीत चिखल रायते, तवा तुमच्या सायकली धुऱ्यावरून चढते. धुरा फुटला का पानी वावरात घुसते अन् पराटी पिवळी पडते. चिखल असन तर येऊच नका, नाई तर उतरून चिखलातूनच चाला. दुसरं, काट्याचं फाटक सारून जाता अन् तसंच ठेवता. मांगच्या साली माह्या तुरीत गुरं घुसली अशीच. तिसरं, बैल समोरून येत असन तर थांबा. तुमची सायकल आवाज करत नाई, एकदम बाजूले आली का बैल बिचकते, अन् बंडीवर मानूस बसला रायते. घंटीवाला पोरगा मले आवडला. घंटी बैलाच्या गळ्यातच रायते, तिच्या आवाजानं तो बिचकत नाई.

संत्रं मागून पाहा, दोन जास्त देऊ. न विचारता तोडू नका.

अन् मास्तर, एक विचारू? पोरगा ज्या कुंपनात घुसला, तिथची काटी परत लावली का?

हळू_पण_येते

मी पाच वर्षांपासून चालवते. एका ग्रुपमध्ये पहिल्याच दिवशी "मॅडम, आधी सहा महिने रस्त्यावर सराव करा" असं ऐकलं होतं. सायकल माझी होती, चालवणारी मी होते, अन् माझी सीट किती उंच हवी हे तिघांनी न विचारता ठरवलं.

वर एक नियम सुटला आहे अन् माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. पुढचे लोक फाट्यावर थांबतात, सावलीत बसतात, पाणी पितात, चिक्की खातात. मागचा धापा टाकत पोचला की "चला, आले सगळे" म्हणून लगेच निघतात. म्हणजे दहा मिनिटं विश्रांती कोणाला मिळाली? ज्याला गरज नव्हती त्याला. मागचा दिवसभर विश्रांतीशिवाय चालवतो अन् मग त्यालाच म्हणायचं की याचा स्टॅमिना नाही. शेवटचा माणूस पोचला, पाणी प्यायला, श्वास खाली बसला, त्याने स्वतः "निघू या" म्हटलं, की निघायचं. आमच्या ग्रुपमध्ये आता असंच चालतं. शेवटी एक अनुभवी माणूस असतो, त्याच्याजवळ ट्यूब, पॅच, पंप. तो कधीच पुढे जात नाही. आळीपाळीने प्रत्येकावर ती वेळ येते, कार्बनच्या महागड्या सायकलवाल्यावरसुद्धा.

रविवार_लीडर

मी अशाच एका ग्रुपचं नियोजन करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. नवीन माणूस न कळवता येतो, पाणी अर्धा लिटर, जादा ट्यूब नाही. आता थंडी आहे म्हणून ठीक. एप्रिल-मेमध्ये नागपुरात पारा ४५च्या वर जातो, नऊच्या आत घरी पोचायचं असतं. एकासाठी वीस जण उन्हात अडकले तर जबाबदारी माझी. त्यामुळे सायकल तपासणं, टोकणं हे मला करावंच लागतं.

पण पंक्चर झालेल्या १७ वर्षांच्या पोराला टाकून चहाला जाणं, याचं समर्थन मी करणार नाही. मी तिथे असतो तर ग्रुप थांबवला असता.

गुडघा_६१

माझं वय ६१, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मोटरवाली सायकल घेतली, पेडल मारलं तरच चालणारी. "अंकल, हे तर चीटिंग आहे," असं सेमिनरी हिल्सच्या चढावर एका तरुणाने म्हटलं. माझी कोणाशी शर्यत नव्हती. झाडं पाहायला आलो होतो. तेव्हापासून एकटाच जातो. मास्तर, तुमच्यासोबत हळू चालणारे असतील तर मला कळवा.

फिटर_मास्तर

सगळ्यांचे आभार. पांदणवाले भाऊ, तुमच्या प्रश्नाने मला झोप लागली नाही, कारण काटी लावली नव्हती. पंक्चरच्या गडबडीत डोक्यातच आलं नाही.

सोमवारी पोराला जेवणाच्या सुट्टीत बोलावलं अन् चढाचा नियम वाचून दाखवला. त्याने दोनदा विचारलं, "म्हणजे थांबायचं त्यांनी होतं?" मग रीपॅकची गोष्ट सांगितली. ग्रीस जळून धूर व्हायचा हे ऐकून त्याने पहिला प्रश्न केला तो, "सर, मग ते कोणतं ग्रीस भरत होते?" स्टँड त्याने स्वतःच पाना लावून उतरवला अन् त्याचा बोल्ट कंपास बॉक्समध्ये ठेवला. घंटी तशीच आहे.

काल आम्ही दोघंच गेलो. ग्रुपला सांगितलं नाही. कुंपणापाशी पोचलो तर तीन काट्या लोळत होत्या. मी हातमोजे नेले होते, पोराने तेही घेतले नाहीत, फांदीचा जाड बुंधा धरून एकेक काटी बसवली अन् पायाने दाबली. तेवढ्यात वावरातून एक आजोबा आले. पोराने सांगितलं, "आजोबा, हे माझ्यानं मोडलं होतं." त्यांनी काटी हलवून पाहिली, एक जरा तिरपी केली अन् म्हणाले, "आता बसली." आम्हाला विहिरीवर नेऊन पाणी दिलं.

लीडर साहेब, तुमचं पाण्याचं अन् जादा ट्यूबचं पटलं, ते मी पोरांकडून करून घेईन. मॅडम, शेवटी राहण्याची जबाबदारी या महिन्यात माझी.

६१वाले काका, पुढच्या रविवारी साडेपाचला काटोल नाका. पोरगा दोन मित्र आणतोय, दोघांच्याही सायकली साध्याच. वेग तुम्ही ठरवा. पंप माझ्याकडे आहे, अन् त्या जुन्या वालची रबरी नळीही हातभर घेऊन ठेवली आहे.