मदत हवी आहे: डीईआयसीतली (जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रातली) ऑटिझम तपासणीची रांग कमी कशी करायची?

आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) पथकातून विचारतेय. अंगणवाडीत संशय आलेली मुलं आम्ही जिल्ह्याच्या डीईआयसीला पाठवतो. मानसशास्त्रज्ञ एकच, तारीख तीन महिन्यांपुढची. एवढं थांबून मूल गेलं की 'आधी कान तपासून आणा' म्हणून परत, मग पुन्हा नवी तारीख. नवं पद भरणार नाहीत हे धरूनच सांगा.

श्रवणतज्ज्ञ:
रांग मानसशास्त्रज्ञाच्या दारात दिसते, पण अडते बेराला, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का हे इलेक्ट्रोड लावून बघायच्या तपासणीला. रेफर स्लिपवर दोन तारखा टाका, आधी कानाची, मग मूल्यांकनाची. नुसत्या ओएईवर (आतल्या कानाचा प्रतिसाद बघणारी तपासणी) भागवू नका. दोष कानाच्या नसेत असला तर ओएई नॉर्मल येऊ शकते. बेराला मूल शांत झोपलेलं लागतं आणि तारीख वाया जाते ती इथेच. पहाटे उठवलेलं मूल एसटीत तासभर झोपतं आणि रुग्णालयात टक्क जागं. आईला बजावून सांगा: रात्री उशिरा झोपवा, वाटेत डोळा लागू देऊ नका. आदल्या दिवशी डोकं धुऊन घ्या, तेल नको. तेलकट कातडीवर कपाळाचे आणि कानामागचे इलेक्ट्रोड नीट धरत नाहीत, नोंद बिघडते. झोपेचं औषध घरून पाजून आणायचं नाही, ते डॉक्टरांसमोरच. कानात मळ किंवा सर्दी असेल तर आधी ईएनटी.

विकास-बालरोग:
एम-चॅट-आर, म्हणजे ऑटिझमची शक्यता चाळायला पालकांना विचारायची प्रश्नावली, गावातच भरून पाठवा. 16 ते 30 महिने, 20 प्रश्न. चूक हमखास होते ती 2, 5 आणि 12 मध्ये: बाकी सगळीकडे 'नाही'ला गुण, या तिघांत 'हो'ला. मिक्सर-कुकरच्या आवाजाने मूल बिथरतं का, हा बारावा. 'हो' म्हणजे चांगलं समजून लोक शून्य देतात. 8 किंवा जास्त गुण आले तर थेट रेफर. 3 ते 7 आले तर फॉलोअपचे प्रश्न विचारा, त्यानंतरही 2 किंवा जास्त उरले तरच पाठवा. हा दुसरा टप्पा गाळला की विनाकारण पाठवलेल्या मुलांनी रांग फुगते. अर्थात गुण कमी आले तरी बोललेले शब्द गेले असतील तर थांबायचं नाही.

विचारणारी:
दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी येणारे पालकही त्याच दिवशी असतात. इसा (ऑटिझम किती तीव्र ते मोजायची भारतीय मोजपट्टी) सगळ्यांचंच करावं लागतं ना?

विकास-बालरोग:
नाही ताई, इथेच घोळ होतो. निदान होतं ते इतिहास आणि निरीक्षणावरून. इसा लागतं दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरवायला: 40 बाबी, प्रत्येकी 1 ते 5 गुण, 70 ते 106 सौम्य, 107 ते 153 मध्यम, त्यापुढे तीव्र. दाखल्याचा वार वेगळा ठेवा, नव्या मुलांच्या वेळा त्यात खर्ची पडू देऊ नका. आणि पालकांना आदल्या दिवशी फोन हवाच. कोणी येणार नसेल तर ती वेळ जवळच्या गावातल्या, सकाळी कळवलं तरी पोचतील अशा मुलाला द्या. त्यांची यादी वेगळी करून ठेवा.

श्रवणतज्ज्ञ:
तोवर मूल नुसतं बसवून ठेवू नका. स्पीच थेरपी किंवा विशेष शिक्षकाकडे पाठवायला निदानाचा कागद लागत नाही, 'बोलण्यात व संवादात उशीर' एवढं केसपेपरवर लिहिलेलं पुरतं.