सुतकात देवापाशी जायची भीती

ओसरी:
बाबा जाऊन आज सहा दिवस झाले. देव्हाऱ्यावर पडदा, समई माळ्यावर. आई रोज तिन्हीसांजेला सवयीने देवघराच्या उंबऱ्यापर्यंत जाते आणि परत फिरते. काल म्हटलं, लाव ना दिवा. तर म्हणाली, "नको गं, आणखी काही झालं म्हणजे?"

गंमत बघा, मी लग्न झालेली, म्हणून माझं सुतक तिसऱ्या दिवशीच फिटलं. चाळीस वर्षं सांजवात करणारी बाई मात्र दहा दिवस लांब. माणूस सगळ्यात एकाकी असतो नेमका तेव्हाच. भीतीपोटी पाळायचं असेल तर सुतक पाळूच नये, असं माझं मत.

तांब्याभांडं:
वाईट वाटलं वाचून. पण सुतक म्हणजे देवाचा कोप नव्हे हो. घरच्यांना सगळ्यातून सुटी असते ती. आजी गेली तेव्हा शेजारून पिठलंभात यायचा आणि समोरच्या काकू आमच्या देवांची पूजा करून जायच्या. देवही उपाशी राहिले नाहीत, आम्हीही नाही.

ओसरी:
तुमच्याकडे सुटी. आमच्याकडे भावकीतले काका रोज येऊन विचारतात, "कुणी शिवलं नाही ना?"

रानवाट:
चोखामेळ्याच्या बायकोने, सोयराबाईने चौदाव्या शतकातच विचारून ठेवलंय: "देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध". अस्पृश्य ठरवलेल्या तिच्या माणसांना पंढरपुरात विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकायला 1947 उजाडलं, तेही साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. आपण अजून काकांना घाबरतोय.

तांब्याभांडं:
दोन्ही एका पारड्यात घालू नका. सुतक सगळ्या जातींना लागतं आणि फिटतं. तो विटाळ जन्मभराचा होता.

रानवाट:
फरक मान्य. भीती घालणारे तेच.

पाटपाणी:
मूर्तीला शिवू नका, नाम घ्या. नामाला सुतक नाही. 2020 साली देऊळ बंद होतं, पादुकाही एसटीने पंढरपुरी गेल्या. वारकऱ्यांचा विठोबा तुटला का?

ओसरी:
सांगून पाहिलं. गप्प बसते. तिला नाम नकोय, तिची समई हवीय. तिचं देवाशी बोलणं वात वळण्यातच होतं, हे मलाही आत्ता कळतंय.

तांब्याभांडं:
बाबा जिथे गेले तिथे दहा दिवस दिवा असेलच ना? तेल कोण घालतं?

ओसरी:
काका.

तांब्याभांडं:
मग आईला घालू द्या. त्याला कुठलंच शास्त्र आडवं येत नाही.

ओसरी:
आठवा दिवस. काल रात्रीपासून तेल आई घालते. वातीही तिनेच वळल्या, नऊ-दहा जास्तीच्या. दिव्याशी बसून काही पुटपुटत होती, बाबांशी की देवाशी कोण जाणे. पडद्याला अजून हात लावलेला नाही.

रानवाट:
म्हणजे शेवटी काकांना विचारूनच ना?

ओसरी:
नाही. ते चहा पीत होते, तेवढ्यात तिने तेलाची बुधली उचलली.