समुपदेशनात पत्रिका उघडावी का? मदत हवी आहे

मी विवाहपूर्व समुपदेशन करते. ज्योतिषाचाही रीतसर अभ्यास झालाय, पण दोन्ही कामं कटाक्षाने वेगळी ठेवते. सध्या येणाऱ्या जोडप्याचे 36 पैकी 28 गुण जुळतात. दोघांचंही पुष्य नक्षत्र, त्यामुळे एकनाड, म्हणजे दोघांची नाडी (नक्षत्रांच्या तीन गटांपैकी एक) सारखीच, आणि नाडीच्या 8 गुणांपैकी शून्य. मुलीच्या आईने एकनाडीमुळे "संतती होणार नाही" हे मनात घट्ट धरलंय.

नक्षत्राचे चरण (चार भागांपैकी भाग) वेगळे असल्याने नाडीदोष लागत नाही, असं दुसऱ्या गुरुजींनी सांगून झालंय, पण आईंना ते पटत नाही. नाडी म्हणजे रक्तगट हा समजही मी दूर केला. नाडी चंद्रनक्षत्रावरून ठरते, रक्ताशी तिचा संबंध नाही. डॉक्टरांकडे पाठवलं, तपासण्या व्यवस्थित आल्या.

आता मुलगी म्हणते, "ताई, तुम्हीच पत्रिका बघून आईला सांगा ना." मुलाचा यावर विश्वास नाही, तिच्यासाठी तो गप्प बसतो. मला हे गप्प बसणंच जास्त खटकतं. शिवाय मी "चालेल" म्हटलं, तर उद्या दुसऱ्या कुणाला "चालणार नाही" म्हणण्याचा अधिकारही मी घेतल्यासारखं होईल.

ज्योतिष खरं की खोटं, हा वाद इथे नको. वेगळे पैसे घेणार नाही, भाकीतही करणार नाही. पत्रिका फक्त मनातली भीती बोलती करायला वापरायची, तर दोघांची लेखी संमती पुरेशी आहे का, त्यात नेमकं काय लिहून घ्यावं, की हे काम सरळ दुसऱ्याकडेच सोपवावं?